डाव्या तारेचं घर

शुक्रवारी दुपारी चष्म्याची दांडी माझ्या हातात तुटली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मी सगळ्यात मागच्या टेबलावर बसते. पुढे मालक गोड बोलतात, मधल्या खोलीत डॉक्टर डोळे तपासतात आणि शेवटी माणूस माझ्याकडे येतो, कारण नवा चष्मा नाकावरून घसरतो, कानामागे रुततो, नाहीतर एका बाजूला कलतो. माझ्याकडे गरम वाळूचं एक भांडं आहे, निरनिराळ्या पकडी आहेत आणि बरीचशी चिडचिड आहे. दांडी आधी वाळूत धरायची, मऊ झाली की वाकवायची, हे मी झोपेतही करीन. त्या दिवशी मी ती वाळूत न घालताच वाकवली, कारण टेबलावरचा फोन उजळला होता आणि त्यावर वहिनीचा निरोप होता : रविवारी होडी विकत घेणारे ती न्यायला येतायत, तुझ्या दादानेच ठरवलंय, तू वाद घालू नकोस. कट् असा बारीक आवाज झाला. समोर बसलेल्या बाई निवृत्त शिक्षिका असाव्यात. चष्म्याशिवाय त्यांना माझं तोंडही दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. "काय तुटलं?" त्यांनी विचारलं. "दांडी." "माझी?" "तुमच्या चष्म्याची." "म्हणजे माझीच की," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून अशा बसून राहिल्या की जणू वर्गातलं पोर खरं काय ते कधी सांगतंय याची वाटच बघतायत. मी जुन्या फ्रेम्समधून दुसरी दांडी शोधली, बसवली, माफी मागितली. मालक मागे येऊन म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे ना आज?" मी म्हटलं, "आहे. उद्या सुट्टी हवीये." "शनिवारी? शनिवारी किती गर्दी असते!" "म्हणून तर आज सांगतेय." मालक माझ्याकडे बघून पुढे गेले. माझ्याशी वाद घालणं त्यांनी फार पूर्वीच सोडून दिलंय. वहिनीनेही सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं.

होडी दादाची आणि माझी. कागदावर त्याची एकट्याची असेल, पण तिचा एकेक दोर माझ्या हाताखालून गेलेला आहे. ती कॅटमरान जातीची आहे, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी, आडव्या नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, आणि मध्ये खाटेसारखं ताणून बसवलेलं जाड कापड. माणसं त्या कापडावर बसतात. मधोमध डोलकाठी. तिला जमिनीत रोवलेलं वगैरे काही नसतं, ती नुसती एका वाटीत उभी असते आणि तीन तारा तिला धरून ठेवतात : एक पुढून, एक डावीकडून, एक उजवीकडून. या तारा खाली जिथे होडीला येऊन मिळतात तिथे भोकांची एक पोलादी पट्टी असते. तार कुठल्या भोकात अडकवायची ते आपण ठरवायचं आणि आरपार पिन घालायची. दादा त्या भोकांना घरं म्हणतो. बाजूच्या तारा खालच्या घरात घेतल्या आणि पुढची सैल सोडली, की डोलकाठी मागे झुकते. वरच्या घरात घेतल्या आणि पुढची ओढली, की ती पुढे येते. एवढंच सगळं शास्त्र, पण या एवढ्यावरून आम्ही बहीणभाऊ कितीदा भांडलो त्याला गणती नाही. दादाला डोलकाठी मागे हवी असायची, अगदी मागे. तशी ती झुकली की होडी सारखी वाऱ्याकडे मान वळवू बघते, आणि तिला सरळ ठेवायला सुकाणूचा दांडा सतत ओढून धरावा लागतो. हात भरून येतात. दादाला तेच आवडायचं. "सुकाणू हाताला लागलं पाहिजे, चिमटे," तो म्हणायचा. लहानपणी मी त्याला चिमटे काढायचे म्हणून मी चिमटी, ते या वयातही सुटलेलं नाही. "हाताला काही लागतच नसेल तर घरी बसून पंख्याखाली वारा खावा." त्याने त्याची आवडती घरं ठरवून टाकली होती आणि आपण नसताना मी चावटपणा करू नये म्हणून त्या घरांवर लाल नखरंगाचे ठिपके दिले होते. बाटली माझी. म्हणजे होडीसाठीच घेतलेली. पकड धरणाऱ्या नखांना रंगाचे चोचले परवडत नाहीत.

दादा उंच क्रेनवर काम करायचा. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या डोक्यावर तो आधी जाऊन बसला होता, लोक नंतर राहायला आले. काचेच्या एवढ्याशा खोलीत दोन दांडे, उजव्या हाताने ओझं उचलायचा आणि डाव्या हाताने क्रेनची मान फिरवायचा. वारा वाढला की खालच्यांना कळायच्या आत त्याला डाव्या हातात कळायचं, असं तो सांगायचा, आणि मी त्याला फेकूचंद म्हणायचे. जे झालं ते वर नाही झालं, घरी झालं. तो बुटाची नाडी बांधत होता आणि नाडी डाव्या हातातून सुटत राहिली. त्याला वाटलं नाडीच नवी आहे, गुळगुळीत आहे. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो जमिनीवर बसून नाडीला शिव्या देत होता आणि शिव्या नीट उमटत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले पक्षाघात, डावी बाजू. पाय बराचसा परत आला. बोलणं तर आधीपेक्षाही धारदार होऊन आलं. हात मात्र तसाच राहिला, खांद्यापासून हलतो, कोपरातून थोडा वळतो, बोटं आपली आपण मिटत नाहीत आणि मिटवली तर उघडत नाहीत. त्याला एक रबरी चेंडू दिला होता दाबायला. मी एकदा गेले तेव्हा तो चेंडू खिडकीच्या फटीत होता, तावदान आपटू नये म्हणून. मी चेंडू काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो म्हणाला, "खिडकीला जास्त उपयोग आहे त्याचा." मग मी होडीचा विषय काढला, तर त्याने भिंतीकडे बघत सांगितलं, "हात नाही, तर होडी नाही. विषय संपला." वहिनी माझ्याकडे बघून मानेनेच नको नको म्हणत होती. मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, पण त्या दिवशी बसले, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने होकार असा घेतला. बहुतेक तेव्हाच त्याने कोणाला तरी फोन केला.

शुक्रवारी बसमधून परतताना मी दांडा धरून उभी होते आणि माझा राग कोणावर आहे हे मला ठरवता येत नव्हतं. वहिनीवर नाही, तिचे हाल मला दिसतात. दादावर तर नाहीच, असं मी स्वतःला दोनतीन स्टॉपपर्यंत सांगितलं, आणि मग कबूल केलं की त्याच्यावरच आहे. होडी गेली तर आम्हां दोघांकडे काय उरणार होतं? मी त्याच्या घरी जाणार, खुर्चीत बसणार, वहिनी चहा देणार, तो औषधांची नावं सांगणार आणि मी बरं बरं म्हणणार. आमचं सगळं बोलणं पाण्यावर झालेलं. आई गेली तेव्हा तो घरी एक अक्षर बोलला नव्हता, पुढच्या आठवड्यात तळ्याच्या मधोमध होडी थांबवून बोलला होता. मला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू. आणि भीती वाटली की मी हट्टाला पेटते, हा माझा जुना रोग आहे. बसने वळण घेतलं, सगळे उजवीकडे कलले, मी डाव्या हाताने दांडा घट्ट धरला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दादाला होडीवर नेमकं काय जमणार नाही. डाव्या होडीच्या अंगाला बसलं की सुकाणू उजव्या हातात येतं. उजव्या अंगाला बसलं की ते डाव्या हातात. आमच्या तळ्यावर वारा आडवा वाहतो. काठावरून निघताना तो डावीकडून येतो, म्हणून माणूस डावीकडे बसतो. परतताना तो उजवीकडून, म्हणून माणूस उजवीकडे. जाणं दादाला आजही जमलं असतं, घोडं अडणार होतं ते येण्यापाशी. आणि येताना डाव्या हाताला जे ओढून धरावं लागणार होतं, ते ओझं त्याने स्वतःच हौसेने वाढवून ठेवलेलं होतं, ठिपके देऊन. डोलकाठी पुढे आणली तर ओझं जातं. सुकाणू नुसतं हात ठेवण्यापुरतं हलकं होतं. म्हणजे त्याची घरं सोडायची. ती सोडली की न बोलता बोलल्यासारखं होणार होतं की दादा, तुझा हात आता पहिल्यासारखा होणार नाही. बस थांबली, मी उतरले, आणि घराकडे न वळता आधी दुकानातून तेलाची छोटी बाटली आणि दोन नव्या पिना घेतल्या.

शनिवारी सकाळी तळ्याकाठच्या शेडपाशी राखणदार खुर्ची टाकून बसला होता. त्याला गप्पा मारायला माणूस लागतो, तो वाऱ्याशीही बोलतो. मी आच्छादन काढलं, टायरच्या गाड्यावर ठेवलेली होडी ढकलत सपाट जागी आणली. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "ताई, उद्या ती जाणार ना?" "बघू." "बघू काय, साहेबांनी मला फोन करून सांगितलंय, गाडी येणारे. सासरी निघालेल्या पोरीला नटवताय होय?" "तुम्ही जरा ही डोलकाठी धरता का उभी करताना?" त्याने धरली, आणि धरून होईपर्यंत आपल्या मेव्हण्याच्या कंबरदुखीची सगळी हकिगत सांगितली. तिन्ही तारा लागल्या, डोलकाठी उभी राहिली, राखणदार खुर्चीत परतला आणि मी डाव्या पट्टीपाशी उकिडवी बसले. मग मला तो ठिपका दिसला. उजव्या तारेचा ठिपका तळापासून दुसऱ्या घरावर होता. डाव्या तारेचा ठिपका अगदी तळाच्या घरावर. दोन्हीकडे सारखी घरं असायला हवीत, नाहीतर डोलकाठी तिरपी होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी रंगावरून बोट फिरवलं. उजवीकडचा ठिपका जुना, विटलेला होता. डावीकडचा ताजा, लखलखीत. म्हणजे हे त्याने शेवटी शेवटी केलेलं. नाडी सुटण्याच्या आधीच्या त्या दिवसांत, जेव्हा मला दुकानात हिशेबाचं काम होतं आणि तो एकटाच तळ्यावर येऊन गेला होता. तेव्हाच त्याचं डावं अंग चुकायला लागलं होतं की काय? इतका काटेकोर माणूस, उंचावरून खाली विटांची पाटी अलगद ठेवणारा, आणि त्याला डावीकडे घर चुकल्याचं कळलंसुद्धा नाही. तो त्या वेळी एकटाच होता. चुकीच्या घरावर त्याने विश्वासाने ठिपका दिला, बाटलीचं झाकण लावलं आणि घरी गेला. मी असते तर पाहिलं असतं, दवाखान्यात नेलं असतं, असं सगळं मनात यायला लागलं. मी पकड खाली ठेवली. राखणदार म्हणाला, "काय ताई, अडकलं का काही?" मी म्हटलं, "नाही, बघतेय."

मग मी कामाला लागले, कारण नुसतं बसून राहिले असते तर रडले असते, आणि राखणदारासमोर रडायची माझी तयारी नव्हती. तार सोडायची तर डोलकाठीला तेवढ्यापुरता दुसरा आधार लागतो. वाऱ्यात अंग बाहेर टाकून लटकायला आमच्या होडीवर दोन्हीकडे आणखी एकेक बारीक तार आहे. डावीकडची ती तार दोराने होडीला करकचून बांधली, मग बाजूच्या तारेची पिन ठोकून काढली. ती निघेना. तेल सोडलं, थांबले, पुन्हा ठोकली. पाण्याने आणि काळाने पिन जशी काही त्या घराची मालकीण झाली होती. निघाली तेव्हा तिच्याबरोबर लाल रंगाची खपली उडाली आणि माझ्या मनगटाला चिकटली. मी तार वर घेतली. किती वर? मी ठरवून आले होते, मधलं घर, दोन्हीकडे अगदी सारखं, त्याची चूकही त्यातच पुसून टाकायची, त्याला कधी सांगायचंही नाही. डावी पिन मधल्या घरात. मग उजवीकडे तोच सगळा खटाटोप, आधाराची तार, तेल, हातोडी, पिन मधल्या घरात. मग पुढची तार खाली ओढून घेतली. हात काळे झाले होते, गुडघ्यांवर खडे उमटले होते. मागे सरून बघितलं. डोलकाठी पुढे आली होती, पहिल्यांदाच ती मला सरळ ताठ उभी असल्यासारखी दिसली, आणि होडी जराशी अनोळखी वाटली, केस कापून आलेल्या माणसासारखी. आता मोजणं राहिलं होतं. डोलकाठीच्या शेंड्यावरून शीड चढवायचा दोर खाली येतो. त्याचं टोक आधी उजव्या पिनेपाशी ताणून बघायचं, तसंच धरून डाव्या पिनेपाशी. दोन्हीकडे सारखं पोचलं की डोलकाठी मधोमध. उजवीकडे टोक पिनेला टेकलं. डावीकडे ते चार बोटं कमी पडलं.

मला वाटलं जमीन तिरकी असेल. राखणदाराकडून फळी मागून चाकाखाली सारली, पुन्हा ताणलं. चार बोटं कमी. मला वाटलं दोर ताणताना हात ढिला पडला. पुन्हा ताणलं. तेवढंच. दोन्ही पिना सारख्या घरात, घरं मी बोटाने पुन्हापुन्हा चाचपली, आणि डोलकाठी उजवीकडे कललेली. माझं डोकं फिरलं. राखणदार म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना, उद्या नेणारे बघतील त्यांचं ते." मी त्याला म्हटलं, "काका, तुम्ही मेव्हण्याच्या कंबरेचं बघा." तो हसला, वाईट वाटून न घेता. मी कापडावर उताणी पडले आणि वर बघत राहिले. डोळ्यांवर ऊन येत होतं. आणि त्या उन्हात मला माझ्या टेबलावरची काच आठवली. आम्ही चष्मा तयार झाला की आधी सपाट काचेवर ठेवतो. चारही टोकं टेकली की चष्मा सरळ. नवी मुलं तिथेच थांबतात आणि खूश होतात. मग तो चेहऱ्यावर चढतो आणि भुवईपाशी तिरका दिसतो, कारण एक कान वर असतो, एक खाली. कान सारखे असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मग मी तो वाकडा करते, काचेवर ठेवला तर डगमगेल असा, आणि लोक आरशात बघून म्हणतात, हां, आता सरळ आहे. रोज उठून मी हेच करते. आणि इथे मी दोन्हीकडची घरं मोजत बसले होते. मी ताडकन उठले. डाव्या पिनेपाशी गेले, तार हातात घेतली, वरपर्यंत बघितली. उजवी तार जुनी, काळवंडलेली. डावी चकचकीत. नवी होती. त्या एकट्याने येऊन गेलेल्या दिवशी त्याने डावी तार बदलली होती. जुनीच्या पिळातला एखादा धागा तुटला असेल, आणि नवी थोडी लांब आली असेल. म्हणून त्याने ती एक घर खाली घेतली आणि नव्याने ठिपका दिला. दोर ताणून बघितलं असणार, पुन्हा ताणलं असणार, तो तसाच आहे. त्याचं काहीही चुकलं नव्हतं. त्या दिवशी तो तळ्यावर सबंध होता, दोन्ही हातांचा, आणि बहुधा शीळ घालत होता.

मी डावी पिन काढून एक घर खाली घातली. दोर ताणला. उजवीकडे टेकला, डावीकडे टेकला. आता मात्र मी रडले, चांगली नाक ओढून रडले, आणि राखणदाराने एकदाची तोंड बंद ठेवून पाण्याकडे बघण्याची कृपा केली. मग मी वहिनीला फोन केला. "उद्या त्याला घेऊन ये. सकाळीच. होडी नेणारे यायच्या आधी." ती म्हणाली, "कशाला गं? तो यायचा नाही." "त्याला सांग, डबा आहे त्याच्या अवजारांचा, त्यात कुठलं ठेवायचं कुठलं द्यायचं मला कळत नाहीये." "खोटं बोलायला लावतेस मला." "डबा खरंच आहे." मग ती म्हणाली, "त्याला उगाच आशा लावू नकोस. आशा लावतेस तू, आणि नंतरचं निस्तरावं मला लागतं." हे खरं होतं. मी म्हटलं, "आशा नाही लावत, वहिनी. हलकं करून ठेवलंय." तिला ते कळलं नसावं, पण ती बरं म्हणाली.

रविवारी ते दोघे आले तेव्हा मी होडी उथळ पाण्यात नेऊन उभी केली होती. दादा काठी टेकत, शेडच्या सावलीतून बाहेर आला आणि तिथेच थांबला. त्याला डब्यापर्यंत यायची गरजच पडली नाही. लांबूनच त्याने डोलकाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत डोलकाठीकडे. "पुढे आणलीस," तो म्हणाला. "हो." "कोणाला विचारून?" "कोणालाच नाही." वहिनी म्हणाली, "मला काही माहीत नाही हं, मला डबा म्हणून सांगितलं." तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता काठी माझ्या डोक्यात बसते. त्याने वाकून डाव्या पट्टीकडे पाहिलं, उजव्या पट्टीकडे पाहिलं, उजव्या हाताच्या बोटाने डावी तार छेडली. "डावी एक घर खाली ठेवलीस." "ती तार लांब आहे." "कळलं का ते तुला?" "उशिरा कळलं. आधी वाटलं तुझं चुकलं." त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा थोडा सुटला. मला काय वाटून गेलं होतं ते त्याला तेवढ्यातच समजलं असावं. मग म्हणाला, "अगदीच मवाळ करून टाकलीस." "बसून बघ, मग बोल." "मला जमायचं नाही, चिमटे." हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. मी म्हटलं, "नाही जमलं तर मी आणीन परत. मला येतं." वहिनीने पुढे होऊन त्याच्या अंगात तरंगणारं जाकीट चढवलं, बक्कल लावलं आणि दोन वेळा ओढून बघितलं. "फार लांब जाऊ नका," ती म्हणाली. तिने त्याला थांबवलं नाही.

जाणं सोपं झालं. तो डावीकडे बसला, उजव्या हातात सुकाणू, आणि शिडाचे दोर माझ्याकडे. वारा आडवा होता, होडीने वेग घेतला, काठ मागे पडला, वहिनी एवढीशी झाली. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. "काही लागतच नाही हाताला," तो कुरकुरला. "बरं." "पंख्याखाली बसल्यासारखं आहे." "बरं म्हटलं ना." त्याचं कुरकुरणं ऐकून माझा जीव भांड्यात पडत होता. तळ्याच्या मध्यावर आलो तेव्हा त्याने मागे वळून शेडकडे बघितलं, आणि मला कळलं की आता वळायचं आहे. "मी घेऊ?" मी विचारलं. तो म्हणाला, "दोर सांभाळ." त्याने सुकाणू लोटलं, होडी वाऱ्यात तोंड घालायला लागली, शीड फडफडलं. आम्ही वाकलो, डोक्यावरून शिडाचा आडवा दांडा गेला, मी पुढचं छोटं शीड उलटं धरून तिला ढकलत ठेवलं. या होड्या वळताना रुसून उभ्या राहतात, तशी ही क्षणभर राहिलीच. दादा उजव्या हातावर जोर देत, बसल्या बसल्या कापडावरून सरकत उजव्या अंगाला गेला. त्याला धाप लागली होती. मला मदत करायची होती, माझे हात तसे पुढेही झाले, आणि मी ते दोराभोवती आवळून धरले. त्याने आपला डावा हात उजव्या हाताने उचलला, सुकाणूच्या दांड्यावर ठेवला, आणि त्याची बोटं एकेक करून, दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी, दांड्याभोवती मिटवली. मग उजवा हात काढून घेतला. शीड भरलं. होडी निघाली. डावा हात थरथरत होता, पण दांडा जागेवर होता, कारण त्याला ओढायला तिकडे काही नव्हतंच. समोर शेडचं छप्पर हळूहळू मोठं होत होतं आणि आम्ही सरळ त्याच्याकडे चाललो होतो. मध्येच वाऱ्याची झुळूक जोराची आली. मला ती गालावर कळली, तो त्याआधीच म्हणाला, "सोड थोडं." मी दोर सोडला. मी त्याला फेकूचंद म्हणाले नाही.

काठावर एक गाडी उभी होती, मागे होडी न्यायचा रिकामा गाडा जोडलेला. टोपी घातलेला एक माणूस आणि त्याची बायको वहिनीशी बोलत होते. होडीची पोटं वाळूला घासली. मी पाण्यात उतरून तिला धरलं, आणि दादा बसल्या जागी राहिला. त्याला डाव्या हाताची बोटं उघडायला वेळ लागत होता. टोपीवाला आमच्याकडे हसून बघत म्हणाला, "छान चालते की! आम्ही काय, आता लगेचच काढू का डोलकाठी?" दादाने शेवटचं बोट उघडलं, हात मांडीवर ठेवला आणि मला म्हणाला, "शेवटी शेवटी ओढायला लागली होती. अजून एक घर वर घे. दोन्हीकडे." मी त्याच्याकडे बघत राहिले. "बहिरी झालीस का? दोन्हीकडे एक घर. डावी एक खाली ठेवूनच." वहिनीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि त्या नवराबायकोकडे वळून म्हणाली, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला हो. चला, तिकडे सावलीत बसून बोलू." तो टोपीवाला काहीतरी विचारत तिच्यामागे गेला. मी शेडमधून पकड, तेल आणि नखरंगाची बाटली घेऊन आले. डावीकडे आधाराची तार बांधली, पिन ठोकली. ती या वेळी लगेच निघाली. तार वर घेतली, पिन घातली, बाटलीचं झाकण उघडलं. "रंग नको लावूस," दादा म्हणाला. "का?" तो डाव्या हाताकडे बघत होता, जसा मी दुकानात पहिल्यांदा चढवलेल्या चष्म्याकडे बघते. "हात अजून बदलतोय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी परत बघावं लागेल." मी झाकण लावलं आणि उजव्या तारेकडे गेले.